हौदाच्या तोंडाशी

आमचा धंदा पाण्याच्या टाक्या आणि हौद धुण्याचा. ऐकणारा आधी हसतो. "टाकी धुण्याचाबी धंदा असतो का?" असतो बाबा, जालन्यात असतो. ज्या गावात नळ आठ-दहा दिवसांनी तोंड दाखवतो, तिथं घरोघरी जमिनीखाली हौद असतो. त्यात नळाचं, टँकरचं, बोअरचं, मिळेल ते पाणी पडत राहतं. तळाला गाळ बसतो, भिंतींना पांढरे क्षार धरतात, एखादी पाल पडते. मंग घरातली बाई वैतागते आणि आम्हाला फोन लावते.

आमचे हे आधी सळईच्या कारखान्यात भट्टीवर होते. कारखान्यानं माणसं कमी केली, त्यात यांचा नंबर लागला. सासूबाई पिंपळगाव रेणुकाईला, दिराजवळ. त्या म्हणाल्या, या इकडं, मीठ-भाकर खाऊ. पण हे मानी. "भावाच्या ताटात हात घालायला मी काय लहान हाय का?" म्हणाले, आणि घरमालकाचा हौद धुवून दिला. घरमालकीणबाईंनी शेजारणीला सांगितलं, शेजारणीनं बहिणीला. असा हा धंदा सुरू झाला. पाटी नाही, नारळ नाही, काही नाही.

कामाची वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली. हे खाली, मी वर. मी फोन घ्यायचा, वेळ ठरवायची, गिऱ्हाइकाशी बोलायचं. दिवसा घरात बायकाच असतात आणि परक्या गड्याशी त्या मोकळं बोलत नाहीत, म्हणून मी बरोबर हवीच. आणि दुसरं काम म्हणजे हौदाच्या तोंडाशी बसून दोर धरायचा.

दोराचा हट्ट माझा. स्पष्टच सांगते, मला भ्या वाटायचं. लोखंडी झाकण बाजूला सरकलं की आतून तो कोंदट वास यायचा, खाली काळंकुट्ट, आणि त्या एवढ्याशा चौकोनात यांचे पाय जायचे, कंबर जायची, मंग खांदे आणि शेवटी डोकं. डोकं दिसेनासं झालं की मी वाकून वाकून खाली बघायची. रोज. सवय होईल असं वाटलं होतं, पण सवय काही झाली नाही. म्हणून मी म्हणलं, कमरेला आणि काखेखालून दोर बांधल्याशिवाय उतरायचं नाही. हे चिडायचे. "मी काय बैल हाय का दावं लावायला?" मी म्हणायची, "बैल असते तर एवढ्यात ऐकलं असतं." गल्लीतली पोरंटोरं, म्हातारे, सगळे जमून फिदीफिदी हसायचे. हसा मेल्यांनो. मी गाठ दोनदा ओढून बघायची.

दुसरं भय नळाचं. हौद धुवायचा म्हणजे आधी रिकामा करायचा, आणि जालन्यात भरला हौद रिकामा करायला कोण तयार होईल? नळ यायच्या अगदी तोंडावर, तळाला पाणी उरलेलं असतं तेव्हाच ते काम होतं. उरलेलंसुद्धा कोणी गटारात सोडू देत नाही. ड्रम, पिंपं, बादल्या, कुकरची भांडीसुद्धा भरून ठेवतात. एकदा आम्ही एका घरचा हौद कोरडाठाक करून दिला आणि तिकडं मोठी लाईन फुटली. नळ आलाच नाही. त्या बाईनं फोनवर माझ्या सात पिढ्या काढल्या, आणि तिचं काय चुकलं? आम्हीच टँकर मिळवून दिला तेव्हा ती शांत झाली. तेव्हापासून आम्ही शिकलो, पाणी सोडणाऱ्या माणसानं "आज सुटणार" असं सांगितल्याशिवाय उपसायचं नाही. पण त्यानं झालं काय, की एका भागात नळाचा दिवस उगवला की सगळ्यांचे फोन एकदमच. आणि मला नाही म्हणता येत नव्हतं. नवीन धंदा, एक गिऱ्हाईक तुटलं तर दहा तुटतील ही धास्ती. फोन कानाला लावला की "हो ताई, येतो ताई" म्हणून मी मोकळी. मंग दिवसभर नुसती पळापळ.

त्या दिवशीही तेच. उन्हाळा, शुक्रवार, जुन्या जालन्यातली गल्ली. नळ संध्याकाळी सुटणार अशी खबर होती. आम्ही शेवटच्या घरी पोचलो तेव्हा दुपार झालेली आणि घरातले गडी जुम्म्याच्या नमाजाला निघून गेलेले. घरात म्हातारी सासू, तिला सगळे खाला म्हणजे मावशी म्हणायचे, आणि तिची सून. खाला दारातच खुर्ची टाकून बसलेली. "आओ बेटी, जल्दी करो, नल आने से पहले हो जाना," म्हणाली. सून पडद्यातली, यांना बघून आतल्या खोलीत गेली.

हौद अंगणातच होता. पंप लावून आम्ही उरलेलं पाणी उपसलं, बादल्या भरून दिल्या. हे शिडीवरून खाली गेले. खालून आवाज आला, "इथं लई पांढरं बसलंय गं. टँकरचं खारं पाणी दिसतंय. ॲसिडचा कॅन सोड."

मी कॅन दोरीनं खाली सोडला. आमची पद्धत ठरलेली होती. क्षार निघायला आधी ॲसिड, मंग घासायचं, दोन-तीनदा धुऊन सगळं उपसायचं आणि पार शेवटी ब्लिचिंग पावडर. ॲसिड आणि पावडर एकत्र आले की विषारी वाफ होते, हे यांना माहीत, मलाही माहीत. म्हणून पावडरीचा डबा मी वरच ठेवायची, मांडीजवळ. तो माझ्या मांडीजवळच होता.

खाली चर्र असा आवाज झाला. मला वाटलं, क्षार सुटतायत. मंग हे खोकले. एकदा, दोनदा, आणि मंग खोकला थांबेचना. हौदाच्या तोंडातून वर पिवळसर वाफ आली आणि डोळ्यांवर कोणी तिखटाची मूठ मारावी असं झालं. "काय झालं हो?" मी ओरडले. "अगं..." एवढंच ऐकू आलं. शिडी खाडकन वाजली. आणि काहीतरी जड पडल्याचा आवाज.

मी दोर ओढला. दोर हलला, पण वर येईना. वाकून बघितलं तर हे शिडीच्या पायथ्याशी पडलेले, एका कुशीवर, तोंड भिंतीकडं. मी हाका मारल्या. "अहो! अहो, ऐकताय का!" काही नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, उखाणा सोडला तर यांचं नाव मी तोंडातून काढलं नव्हतं. त्या दिवशी त्या हौदाच्या तोंडाशी मी नाव घेऊन किंचाळले. नुसतं नाव, पुढं राव नाही काही नाही. "ऊठ! ऊठ की रे!" यांना मी अरे-तुरे करतेय हेसुद्धा मला कळत नव्हतं.

आवाज ऐकून आतली सून बाहेर धावली. वाफ बघितली आणि तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. "अल्ला! मैंने तो सुबह पूरा पुडा डाला था पावडर का... बास आ रही थी, सोचा आपका काम हल्का होगा."

तिनं आमच्यावर दया केली होती. हौदाला वास येत होता म्हणून सकाळीच ब्लिचिंग पावडरचा अख्खा पुडा त्यात ओतला, आणि पावडर तळाशी जाऊन बसली. टँकरच्या पाण्याला पावडरीचा वास असतोच, म्हणून यांनी त्यालाच क्षार समजून वर ॲसिड ओतलं. ही गोष्ट ती यांना सांगणार कशी, ती तर पडद्यात. आणि मला सांगायला मी एका जागी होते कुठं? पाणी उपसलं जात होतं तोवर दारात उभी राहून उद्याच्या गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होते.

पण हे सगळं मी नंतर जुळवलं. तेव्हा माझा एक पाय शिडीवर गेलेला होता. मी उतरणारच होते. तेवढ्यात माझी वेणी मागून कोणीतरी गच्च धरली. खाला! म्हातारीच्या हातात एवढी ताकद कुठून आली कोणास ठाऊक. "नक्को! तू गई तो दोनों गए! ऊपर से खींच!" मी तिला शिव्या दिल्या. खरंच दिल्या, आईच्या वयाच्या बाईला. तिनं वेणी सोडली नाही.

आम्ही तिघींनी दोर धरला. ओढलं की यांचे खांदे जमिनीवरून वर उठायचे, पण पुढं काही जमेना. भट्टीवर काम केलेला माणूस, अंग भरलेलं, आणि बेशुद्ध माणूस तर दुप्पट जड होतो. हात घसरला की डोकं परत खाली. "रेणुकाई, आई, यांना सोडू नको," एवढंच मी घोकत होते.

आणि तेव्हा तो आवाज आला.

जालन्याच्या बाईला तो आवाज झोपेतही ऐकू येतो. पाणी यायच्या आधी पाइपातली हवा बाहेर पडते, फुस्स, फुस्स. तो ऐकला की आम्ही हातातलं काम टाकून धावतो, गल्लीभर आरोळी उठते, "नळ आला! नळ आला!" संध्याकाळचा नळ त्या दिवशी दुपारीच आला. पाइपाचं तोंड थेट हौदात सोडलेलं. आधी हवा, मंग लाल गढूळ पाणी, मंग धार. धार यांच्या पाठीशेजारी पडायला लागली. हौदाला मधे उतार असतो, सगळं पाणी गोळा होतं तिथं, आणि यांचं डोकं नेमकं त्या उतारावर.

"कॉक बंद करा!" मी ओरडले. सून कॉककडं धावली. कॉक फिरेना. कसा फिरेल? ज्या गावात नळ आठ-दहा दिवसांनी येतो, तिथं नळ बंद कोण करतं? सगळ्यांचे कॉक वर्षानुवर्षं उघडेच असतात. पाणी कधीही येवो, आपोआप हौदात पडो. गंजून, धरून बसलेले असतात. पोरीनं आतून बत्ता आणला आणि त्या कॉकवर घातला. बोटं सोलली तिची. कॉक जागचा हलला नाही.

मी दोर ताणून धरलेला. सोडला असता तर यांचं नाक-तोंड पाण्यात. नुसते खांदे उचलून धरायचे, एवढंच माझ्या हातात होतं. ज्या पाण्यासाठी आम्ही रात्र-रात्र जागलो, ते पाणी बंद व्हावं म्हणून मी देवाला विनवत होते. असलं भय मी आयुष्यात कधी भोगलं नव्हतं. 

खालाला काय सुचलं! ती शेजारच्या भिंतीजवळ गेली, पाण्याच्या मोठ्या डेऱ्यावर पाय ठेवून वर चढली आणि पलीकडच्या बाईला हाक मारली. नंतर कळलं, या दोघींचं बोलणं बंद होतं, मोटरीवरून. नळ आला की शेजारीण लाईनीला मोटर लावून पाणी ओढायची आणि खालाच्या हौदात करंगळीएवढी धारही पडायची नाही. त्यावरून किती भांडणं झालेली. आणि आता हीच खाला भिंतीवरून ओरडत होती, "मोटर लगाओ गे! सब मोटरां लगाओ! हमारा पानी खींच लेओ! आदमी गिरा है हौद में!"

 शेजारणीला आधी वाटलं, म्हातारी टोमणा मारतेय. मंग माझी किंकाळी ऐकली आणि ती पळाली. तिची मोटर घुर्र सुरू झाली. पलीकडची झाली. समोरच्या घरातली झाली. आणि आमच्या डोळ्यांदेखत हौदातली धार बारीक होत गेली, बोटाएवढी, मंग दोऱ्याएवढी, मंग टिपटिप.

शेजारीण भिंतीवरूनच उडी मारून आली. अजून दोघी-तिघी दारातून. सगळ्या बायका दोराला लागल्या. खाला आकडे म्हणायला लागली, "एक, दो, हौ!" यांचं डोकं हौदाच्या तोंडाशी आलं तेव्हा मी केस धरले, कॉलर धरली, काखेत हात घातले. फरशीवर आणून टाकलं. तोंड निळसर, डोळे सुजलेले, आणि छातीतून करवतीसारखा आवाज. पण आवाज होता. श्वास होता. सुनेनं पावडर टाकायच्या आधी भरून ठेवलेली बादली आणून यांच्या डोळ्यांवर, तोंडावर पाणी ओतलं, सगळी बादली.

तेवढ्यात गडीमाणसं नमाजावरून परतली. रिक्षा आली. नदी ओलांडून नव्या जालन्यात दवाखाना. ऑक्सिजनची नळी लावली. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत काही सांगता येत नाही. त्या रात्रीबद्दल मी कोणाला काही सांगत नाही, इथंही सांगणार नाही. सकाळी यांनी डोळे उघडले आणि बसलेल्या आवाजात विचारलं, "हौद धुतला का?" मला एवढा राग आला की मी उठून बाहेर गेले आणि व्हरांड्यात रडले.

सून भेटायला आली होती, सासूबरोबर. बोटांना पट्ट्या. माझे पाय धरायला वाकली. तिच्यावर डाफरायचं मी मनात ठरवून ठेवलेलं, पण ती एवढी भेदरलेली होती की मी तिला उठवून जवळ बसवलं. चहा पाजला तिला.

हे जगले. पण छाती कायमची नाजूक झाली. जिना चढला की दम, उदबत्तीचा धूर लागला की खोकला. डॉक्टरांनी सांगितलं, आता हौदात उतरायचं नाव काढायचं नाही. घरात बसून हे भिंतीकडं बघत राहायचे. फोन वाजत होताच. मी एक-दोन दिवस उचलला नाही, मंग उचलला आणि म्हणलं, "हो ताई, येतो. पण उद्या नाही, माझ्या सवडीनं."

यांना सांगितलं, मी उतरणार. "डोस्कं फिरलं का तुझं?" म्हणाले. लई भांडण झालं. म्हणलं, मंग काय करायचं ते सांगा.  मी यांची जुनी पँट आणि शर्ट घातला, पदर-बिदर काही नाही. आता दारात पाऊल टाकलं की मी आधी चुलीपर्यंत जाते आणि घरातल्या प्रत्येक बाईला वेगळं विचारते, हौदात काही टाकलं का, पावडर, फिनाईल, तुरटी, काहीही? मंग कॉक फिरवून बघते. कॉक फिरला नाही तर हौदाचं झाकणही उघडत नाही, गिऱ्हाईक कितीही चिडो. झाकण काढून पंखा लावून हवा खेळू देते. गर्दीचा दिवस असला तर नाही म्हणते. नाही म्हणायला मी शिकले, पण केवढ्याला पडलं ते.

पहिल्यांदा उतरले ते नव्या जालन्यातल्या एका बंगल्यात. हे वर, दोर धरून. मला वाटलं होतं, खाली गेल्यावर मला लई भ्या वाटेल. पण काय सांगू, खाली काहीच वाटलं नाही. गारवा होता, ब्रशचा आवाज होता, काम होतं समोर. हात चालायला लागले की भय कुठं जातं कळत नाही.

वरून हाक आली, "ऐकू येतंय का गं?"

"हो."

"आता?"

"हो म्हणते ना!"

"वास न्हाई ना कसला?"

"न्हाई. काम करू द्या की जरा."

असं चालू होतं. ब्रशच्या दर फेऱ्यागणिक एक हाक. मी वैतागले. एक कोपरा लई खराब होता, वाकून, दात आवळून घासायला लागले आणि एक हाक तशीच गेली. लक्षात आलं नाही माझ्या. दुसरी गेली असेल. एकदम कमरेला असा हिसका बसला की मी खाली बसलेच. वर बघितलं तर उजेड नाही. हौदाचं तोंड काळं झालेलं. यांचा पाय आत आला होता, पहिल्या पायरीवर. त्या छातीनं हे खाली उतरत होते.

"थांबा!" मी ओरडले. "तिथंच थांबा! काही झालं न्हाई मला! कोपरा घासत होते!"

पाय थांबला. मी ब्रश टाकला आणि शिडी चढायला लागले. यांच्या पायाशी माझं डोकं आलं.  वरून यांचा आवाज, खोकत, रडत, "तू बोलली न्हाईस. मी किती हाका मारून राह्यलो, तू बोललीच न्हाईस."

"बोलते की आता. पाय काढा, मला वर येऊ द्या."

"हलत न्हाई गं," हे म्हणाले. "पाय हलतच न्हाई."

भट्टीसमोर उभा राहिलेला माणूस. मी शिडीला कोपर अडकवलं, यांचा पाय दोन्ही हातांनी धरला, उचलला आणि बाहेर फरशीवर ठेवला. मंग मी वर आले.